कवठ आणि डेन्मार्कची सुरी

महाशिवरात्रीच्या सकाळी मी दयाराम लोहाराच्या छपरीतून एक सुरी उचलली आणि तिने कवठ फोडायला गेलो. कवठ फुटलं नाही. सुरी मोडली. नखाएवढं टोक कवठात राहिलं आणि उरलेली सुरी माझ्या हातात राहिली.

कवठ दगडावर आपटून फोडतात, हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. पण छाया, म्हणजे आमच्या घरचं सरकार, उपासाची चटणी करायला बसली होती आणि "आपटू नका, मांगच्या वर्षी अर्धं कवठ भिंतीनं खाल्लं," असं तिनं आधीच बजावलं होतं. म्हणून मी टोक आत खुपसून जरासं पिरगाळलं. छायाने माझ्या हातातून टोकासकट कवठ घेतलं, फिरवून पाहिलं आणि उकिरड्यावर फेकून दिलं.

"लोखंड उपासाले चालत नाही," ती म्हणाली.

सुरी डेन्मार्कहून आली होती. आदल्याच दिवशी संध्याकाळी आली होती. आमच्या अमडापुरात डेन्मार्कहून आलेली ती पहिलीच वस्तू असावी, आणि तिथून आल्यावर एक दिवससुद्धा नीट काढू न शकलेलीही ती पहिलीच.

दयारामचं आणि आमचं घर एका भिंतीचं. शेजारी लोहार असताना घरात पक्कड ठेवणं म्हणजे विहिरीच्या काठावर राहून रांजण भरून ठेवणं, असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे. त्यामुळे हातोडी, छन्नी, कानस, विळा, जे लागेल ते मी तिकडून आणतो. दयाराम देतो, पण हातात देत नाही. आपल्याकडे धारेचं हत्यार हातातून हातात द्यायचं नसतं, दिलं की भांडण होतं. तो वस्तू जमिनीवर ठेवतो, दुसरीकडे बघतो, आणि आपण ती उचलायची. इतक्या वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नाही, त्याचं श्रेय तो या रिवाजाला देतो. छाया दयारामला देते.

मी मोडकी सुरी नेऊन त्याच्यासमोर जमिनीवर ठेवली आणि दुसरीकडे पाहिलं.

दयाराम साठी ओलांडलेला माणूस आहे. मनगटं जाड, बोलणं बारीक. त्याने सुरी उचलली, उजेडात धरली आणि मोडल्या जागी अंगठा फिरवला.

"कवठ?" त्याने विचारलं. सालीचा एक तुकडा अजून पात्याला चिकटला होता.

"हाव."

"पिकेल होतं?"

"पिकेल होतं."

"मंग पानी जास्त झालं हिले," तो म्हणाला. पाणी म्हणजे लाल पातं पाण्यात बुडवून त्याला कडकपणा देणं. कमी झालं तर धार वाकते, जास्त झालं तर पातं काचेसारखं तुटतं. तेवढं बोलून त्याने सुरी फळीवर ठेवली आणि भट्टीतलं खुरपं बाहेर ओढलं. रागावला नाही. त्याच्या हिशेबात त्याला रागावता येत नव्हतं, कारण सुरी त्याने दिली नव्हती, मी उचलली होती. भांडणाचा नियम देणाऱ्याला लागू होतो. उचलणाऱ्याविषयी जुन्या लोकांनी काही सांगून ठेवलेलं नाही.

पण त्या सुरीवर त्याची भट्टी टांगलेली होती, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दयारामच्या वडिलांच्या काळी पेरणीच्या आधी त्या छपरीत पाय ठेवायला जागा नसायची. कोणी वखराची पास, म्हणजे त्याचं पातं, आणायचा, कोणी नांगराचा फाळ. लोखंड झिजलेलं असायचं, ते तापवून, ठोकून पुन्हा लांबवायचं. माणसं बिड्या ओढत आपल्या पाळीची वाट बघायची आणि वाट बघता बघता लग्नं जुळवायची. दयारामचं स्वतःचं लग्न असंच एका फाळाच्या पाळीत जुळलं. फाळ सासऱ्याचा होता. तो नंतर फार टिकला नाही, असं सासरे शेवटपर्यंत म्हणत.

आता ट्रॅक्टर आले. बाजारात कारखान्याचे विळे ढिगाने येतात. लोक विळा घेतात, वापरतात, हरवतात आणि दुसरा घेतात. दयारामचा विळा हरवला तर माणूस शेतात चार जणांना घेऊन शोधायचा. कारखान्याच्या विळ्याला कोणी शोधत नाही.

म्हणून दिवाळीत अन्नपूर्णाबाईंनी निकाल दिला होता. अन्नपूर्णाबाई म्हणजे दयारामच्या मंडळी. त्या आवाज चढवत नाहीत, त्यांना लागतही नाही.

"गुढीपाडव्यालोग पाहा," त्या म्हणाल्या. "काम आलं तं आलं. नाही तं भट्टीच्या जागी पिठाची गिरनी बसवू. लोक काही लोखंड खात नाही."

यावर दयाराम उत्तर शोधायला लागला. त्याने पंधरा दिवस शोधलं.

मग यात खामगावचा शेखर आला. शेखर हा दयारामच्या बहिणीचा मुलगा, वय तिशीच्या पुढे, एका निर्यातवाल्याच्या ऑफिसात कामाला. त्यांच्याकडून डेन्मार्कचा हेनिंग नावाचा गृहस्थ जाड सुती कापडाचे तंबू मागवायचा. तंबू कशाला, तर तिकडे व्हायकिंग लोकांच्या जत्रा भरतात त्यासाठी. एकदा बोलता बोलता हेनिंगने विचारलं, तुमच्याकडे अजून हाताने सुऱ्या घडवणारं कोणी आहे का? आमच्याकडचा म्हातारा लोहार आता थकला. शेखरने क्षणाचाही विचार न करता मामाचं नाव सांगितलं. आणि शिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी तो स्वतः मोटारसायकलवर नमुन्याची सुरी घेऊन आला. हेनिंगची अट अशी, की हा माझा कमरेचा चाकू, असेच दोन करून दाखवा, पसंत पडले तर कायमचं काम, आणि माझी सुरी त्यांच्यासोबत परत पाठवा.

त्या संध्याकाळी छपरीत चहा झाला. मीही होतो, चहाच्या वेळी मी असतोच.

"हे व्हायकिंग म्हणजे कोन लोक?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"हजार वर्षांपूर्वीचे, मामी. नावाडी. नावा घेऊन देशोदेशी जात. कुठं व्यापार करत, कुठं लुटत."

"एकाच माणसाजवळ दोन्ही?"

"हाव. गाव पाहून ठरवत."

शेखरने बरंच वाचून ठेवलं होतं. तलवार म्हणे थोरामोठ्यांकडे असायची, पण सुरी प्रत्येकाच्या कमरेला. बाईच्या, बाप्याच्या, पोराच्यासुद्धा. तिनेच मांस कापायचं, तिनेच लाकूड तासायचं, तिनेच मासा साफ करायचा आणि तिनेच जेवायचं. पाठ साध्या लोखंडाची आणि धारेपुरतं पोलाद जोडलेलं, कारण पोलाद महाग. पात्याला मागे शेपटी ठेवायची, ती तापवून लाकडाच्या मुठीत जाळत बसवायची.

"हे तं आपल्या कुऱ्हाडीसारखंच झालं," दयाराम म्हणाला. "बाबा कुऱ्हाडीत असंच पोलाद भरत."

"अन माणूस मेला की सुरी त्याच्यासंग पुरत. म्हनून तं आज जमिनीतून निघतात."

दयारामने बशी खाली ठेवली.

"पुरत?"

"हाव, मामा."

"पोराले देत नसत?"

"पोराले त्याची दुसरी."

"म्हनजे दर माणसाले नवी," दयाराम म्हणाला. "याले म्हनतात रिवाज. आपल्या इथं बाप मरते अन पोरगा त्याच्याच इळ्यानं तुरी सोंगते. त्याच्यानं लोहार मेला."

जत्रेचंही शेखरने सांगितलं. शनिवार-रविवारी माणसं लोकरीचे कपडे घालतात, तंबूत राहतात, चुलीवर रांधतात, गवतावर झोपतात आणि सोमवारी पुन्हा ऑफिसात जातात. यंत्राची वस्तू कोणाच्या कमरेला दिसली तर बाकीचे तोंडावर बोलत नाहीत, पण मान वळवतात.

"चुलीवर रांधाले पैसे भरतात?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"हाव, मामी."

त्या उठून आत गेल्या. गॅस मिळावा म्हणून त्यांनी तीनदा चिखलीला खेप घातली होती.

"मुठीले हरणाचं शिंग चालन म्हणे," शेखरने मामाला हळूच सांगितलं.

"चालन. मंग फॉरेस्टवाले मले सुरीसंग पुरतीन. धावड्याचं लाकूड लावू."

दयारामची कामाची एक पद्धत आहे. तो नमुन्याचं माप घेत नाही, कागदावर आकृती काढत नाही. नमुना एक दिवस जवळ बाळगतो, त्याने कांदा कापतो, दोरी कापतो, नखं काढतो, आणि दुसऱ्या दिवशी घडवायला बसतो. त्याचं म्हणणं, डोळा विसरते, हात विसरत नाही. शिवरात्र हा त्या सुरीचा कांदे कापायचा दिवस होता. पण उपास असल्याने कांदा निघालाच नाही. म्हणून ती फळीवर पडून होती, आणि म्हणून ती मला दिसली.

शेखरला फोनवर सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी त्याला हळूहळू सांगायचं ठरवलं होतं. "शेखर, कवठ किती टणक असते, तुले माहीतच हाय," अशी मी सुरुवात केली.

तो दुपारीच हजर झाला.

"काका, ती त्याची सोताची सुरी हाय," तो मला म्हणाला. एवढंच म्हणाला. मी सुरीकडे बघत राहिलो.

"टोक कुठं हाय? वेल्डिंग करता येईन?"

"टोक उकिरड्यावर गेलं," मी म्हणालो.

"वेल्डिंग केलं तं पात्याचं पानी उतरन," दयाराम म्हणाला. "अन डाग दिसन. घासून नवं टोक काढा लागते."

आता टोक मोडलेल्या सुरीला नवं टोक दोन तऱ्हांनी काढता येतं. धार खालून वर घासत नेऊन पाठीला मिळवायची, किंवा पाठ वरून खाली उतरवत धारेला मिळवायची. शेखरचं म्हणणं, थोडं इकडून, थोडं तिकडून घासा, म्हणजे कोणाच्या लक्षात येणार नाही. दयारामने त्याच्याकडे पाहिलं. भाच्याला मामाने रागावून बोलायचं नसतं, म्हणून तो माझ्याकडे बघून बोलला.

"गिऱ्हाइकाच्या धारीले हात लावाचा नसते. विळा असो, खुरपं असो. धार त्याची, पाठ लोहाराची. काही गेलं तं पाठीतून जाईन."

आणि त्याने कानस घेतली. दुपारभर पाठ घासली. धार जशीच्या तशी सरळ राहिली. पाठ मुठीपासून दोन तृतीयांश सरळ आली आणि मग एकदम मान टाकल्यासारखी तिरपी उतरून धारेच्या टोकाला टेकली. जिथे ती मोडत होती तिथे एक स्पष्ट कोन झाला. नमुन्याची पाठ आधी वाकडी नव्हती, हळुवार गोल होती, हे शेखरच्या मोबाइलमधल्या फोटोत चांगलं दिसत होतं. तो फोटो त्याने मामाला तीनदा दाखवला.

"मामा, नवीन दोन तं या फोटोपरमानं करा. गोल पाठीच्या."

"नमुना कोनता हाय?"

"हा... होता."

"आता कोनता हाय?"

शेखरने मोबाइल खिशात घातला.

"नमुना एकीकडं अन माल एकीकडं, असं काम या भट्टीत झालं नाही," दयाराम म्हणाला. "तो तिन्ही सुऱ्या एकीपाशी एक ठेवन. एक अशी अन दोन तशा दिसल्या तं काय म्हनन? लोहाराले पाहता येत नाही म्हनन."

"अन तिन्ही वेगळ्या दिसल्या तं, मामा? त्याच्या सुरीहून?"

"त्याचीच सुरी हाय ना ती. तिच्याहून वेगळी कशी दिसन?"

शेखर माझ्याकडे वळला. "काका, तुमी तरी सांगा."

मी सांगू शकत होतो. पण त्या दिवशी त्या छपरीत माझ्या शब्दाला फार वजन नव्हतं. मी चहा घेतला आणि गेलो.

दयारामने दोन सुऱ्या घडवल्या. ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा तुकडा धारेसाठी, जुन्या बैलगाडीच्या चाकाच्या धावेचं लोखंड पाठीसाठी. दोन्ही तापवून एकजीव ठोकले. तो कोन ठोकून काढायला त्याला फार त्रास झाला. लाल लोखंड गोल व्हायला बघतं, कोपरा धरायला नाही. तीन वेळा त्याने पातं पुन्हा भट्टीत टाकलं. चौथ्यांदा अन्नपूर्णाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"एवढी मेहनत त्या कोपऱ्यासाठी?"

"नमुन्यात हाय."

"नमुन्यात तं या शेजाऱ्यानं केला."

"कोनी का केला असो. आता हाय."

धावड्याच्या मुठी बसल्या, तिळाच्या तेलाचा हात फिरला आणि पार्सल बांधायची वेळ आली. शेखरने आतल्या चिठ्ठीत 'नमुन्याची किरकोळ देखभाल केली आहे' असं लिहिलं. दयारामने ते वाचलं, म्हणजे माझ्याकडून वाचून घेतलं, आणि 'किरकोळ' खोडायला लावलं.

पुढचे दिवस छपरीत शांतता होती. अन्नपूर्णाबाईंनी गिरणीच्या माणसाला बोलावून जागा दाखवली. त्याने टेपने भट्टी मोजली, भिंत मोजली, आणि ऐरणीला हात लावून विचारलं, "हे भंगारात जाईन का?" दयाराम तेव्हा ऐरणीवरच बसला होता. तो उठला नाही. त्या माणसाने ऐरणीचं माप घेतलं नाही.

पाडव्याच्या तोंडावर एके दुपारी शेखर आला, फोन ऐरणीला टेकवून उभा केला, आणि त्यात डेन्मार्क दिसू लागलं. हेनिंग धिप्पाड माणूस होता, दाढी छातीपर्यंत. त्याने दोन्ही हातांत सुऱ्या धरल्या होत्या.

"हा तं हिवऱ्याच्या आश्रमात शोभन," अन्नपूर्णाबाई पदर सावरत म्हणाल्या.

हेनिंग काही बोलला. शेखरचा चेहरा उतरला.

"काय म्हंते?" दयारामने विचारलं.

"विचारते, माझ्या सुरीची पाठ कुठं गेली."

"सांग त्याले. टोक मोडलं होतं. धार वाचवली, पाठ उतरवली."

"मामा, जरा वेगळं सांगतो..."

"जसं बोललो तसं सांग बे," दयाराम म्हणाला. भाच्याला तो पहिल्यांदाच असं बोलला होता.

शेखरने सांगितलं. बरंच लांब सांगितलं, त्यात मला 'नेबर' हा शब्द ऐकू आला. हेनिंगने ऐकून घेतलं. मग तो आपल्या सुरीविषयी काहीतरी बोलला. शेखरने सांगितलं, त्याला वाईट वाटलं. ती त्याच्या सासऱ्याने दिलेली होती. दयारामने मान हलवली. सासऱ्याच्या लोखंडाचं दुःख त्याला माहीत होतं.

"त्याले म्हन, चुकलं," दयाराम म्हणाला.

हेनिंगने मान हलवली, ती सुरी बाजूला ठेवली आणि नव्या दोन कॅमेऱ्याजवळ आणल्या. त्या कोपऱ्यावर बोट ठेवून तो बोलू लागला, आणि बोलता बोलता त्याचा आवाज वाढत गेला. शेखर ऐकत राहिला. सांगायचं विसरला.

"सांगशीन का आता?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"मामी, तो म्हंते, इंग्लंड-आयर्लंडकडं जमिनीतून ज्या जुन्या सुऱ्या निघाल्या, त्यातल्या कितीतरी अशाच हायेत. मोडक्या पाठीच्या. त्यायले तेच नाव हाय. जत्रेतले लोक तेच मागतात. त्याचा म्हातारा लोहार तो कोपरा करूनच देत नव्हता, म्हणे फार तरास हाय."

"तरास हाय," दयाराम म्हणाला.

"काम देतो म्हंते. पण गोल पाठीच्या नको. अशाच पायजे."

दयारामने फोनमधल्या दाढीकडे बराच वेळ पाहिलं. मग भट्टीकडे पाहिलं. मग उठला आणि कोळसे सारखे करू लागला.

अन्नपूर्णाबाई शब्दाला पक्क्या निघाल्या. पाडव्याला त्यांनी ऐरणीला हळदकुंकू लावलं आणि भट्टी तिथेच राहिली. गिरणीही आली, पण ती दुसऱ्या बाजूला, आमच्या भिंतीला लागून बसवली. सकाळी सहाला सुरू होते. छाया म्हणते, हे कवठाचं उट्टं आहे. मला तसं वाटत नाही, पण मी झोपेत असताना माझं मत कोणी विचारत नाही.

दोन सुऱ्यांनंतर तिसरी जी घडली ती अन्नपूर्णाबाईंनी ठेवून घेतली. भाजी त्या अजूनही विळीवरच चिरतात. सुरी किल्ल्यांच्या जुडग्यासोबत कमरेला असते. गिरणीत दळण टाकताना कोणी पाळी मोडून पुढे घुसू लागलं, तर त्या काही बोलत नाहीत, नुसता हात कमरेवर ठेवतात.

परवा मी पक्कड मागायला छपरीत गेलो होतो. दयाराम एका पात्याचा कोन ठोकत होता. शेखरने मला मोबाइलवर काही लेख दाखवले होते. त्या लोकांनी पाठ अशी का मोडली, यावर विद्वानांचं एकमत नाही. कोणी म्हणतो, टोकाला बळ यावं म्हणून. कोणी म्हणतो, भोसकायला बरं. कोणी म्हणतो, नुसती आवड. मी ते सगळं दयारामला सांगितलं. त्याने पातं पाण्यात घातलं. वाफ निघून जाईपर्यंत तो थांबला, मग पक्कड माझ्यासमोर जमिनीवर ठेवली आणि दुसरीकडे पाहिलं.

"पण तुमाले काय वाटते, दयारामभाऊ?" मी विचारलं. "हजार वर्षांपूर्वी त्या लोहारांनी सुरीची पाठ अशी काऊन मोडली असन?"

"त्यायच्याही शेजारी कोनी तुह्यासारखा राहत असन."